‘ठीक’ नावाचं बटण

“दवाखाना लांब गेला ना, की आजार घराशी येतो,” शिवणकाकूंनी शेजारच्या तरुण सूनबाईला बजावलं होतं. तोंडात टाचण्या धरून बोलत होत्या, त्यामुळे तिला हसूच फुटलं. “काकू, आधी टाचण्या काढा, मग भविष्य सांगा,” असं म्हणून तिने विषय उडवून लावला.

तेव्हा गल्लीच्या टोकाचा सरकारी दवाखाना बंद करून शहराबाहेरच्या नव्या मोठ्या इस्पितळात विलीन करायचं घाटत होतं. घराघरांत त्यावरून वाद. दवाखाना तसा दोन खोल्यांचा, भिंतींना ओल आलेला. नंबर लावायची तऱ्हाही जगावेगळी. दाराबाहेर ओळीत चपला काढून ठेवायच्या आणि आपण खुशाल झाडाखाली गप्पा छाटत बसायचं. चपलेचा नंबर तोच माणसाचा. बुधवारी म्हातारी मंडळी रक्तदाब तपासायला यायची. ओळखीची जोडी ओळीत दिसली नाही की कुणीतरी हटकून विचारायचं, “अहो, ती अंगठा तुटलेली चप्पल आज कुठाय?” मग दुसरं कुणीतरी कुरकुरत उठायचं आणि घरी डोकावून यायचं.

सूनबाईच्या पदरात तान्हं बाळ. ते शिंकलं तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं. कॉलेज शिकलेली, चार गोष्टी वाचलेली. तिला लहान मुलांचे डॉक्टर हवे होते, कोरड्या स्वच्छ खोल्या हव्या होत्या. दवाखान्यासाठी बोलावलेल्या सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, “चपलांच्या भरवशावर आरोग्य चालत नाही.” हशा पिकला, टाळ्या पडल्या.

मागून शिवणकाकूंचा आवाज आला, “आणि आम्ही दोन बस बदलत जायचं होय गं?”

“काकू, एकट्यादुकट्याच्या सोयीवर धोरण ठरत नाही.”

हे वाक्य तिचं तिलाच फार आवडलं होतं.

काकूंनी डूख धरला नाही. भिंतीला भिंत लागून घर, राग धरून जाणार कुठे? त्यांचं शिलाई मशीन दिवसभर खडखडायचं आणि बाळ दचकून उठायचं, एवढीच काय ती तक्रार.

दवाखान्याला कुलूप लागलं, इस्पितळ सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर चांगलं झालं. बाळाला तापात झटका आला तेव्हा तिथल्याच डॉक्टरांनी त्याला सांभाळलं. ‘बघा, मी म्हणत नव्हते?’ असं ती नवऱ्याला कितीदा तरी ऐकवायची.

म्हाताऱ्यांसाठीही नवी सोय निघाली. दर बुधवारी मोबाईलवर प्रश्न यायचा, ‘रुग्णाची प्रकृती कशी आहे?’ खाली दोन बटणं, ‘ठीक’ आणि ‘ठीक नाही’. काकू घरी एकट्या, फोन जुना, नुसता बोलण्यापुरता. म्हणून सूनबाईने कौतुकाने आपलाच नंबर दिला. सुरुवातीला ती प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जायची.

“आहे बाई ठीक. मेले की कळवीन,” काकू म्हणायच्या.

पुढेपुढे जाणं राहिलं. एका हाताने बाळाला भरवायचं, भिंतीपलीकडे मशीन चालू आहे ना ऐकायचं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ‘ठीक’ दाबून मोकळं व्हायचं.

काकूंनी बाळाला झबलं शिवून दिलं. सुई राहिली नाही ना म्हणून तिने ते उलटंपालटं करून पाहिलं. सुई नव्हती. शिवण मात्र वाकडी गेली होती, आणि काकूंची शिवण कधी वाकडी जात नसे. ‘वय झालं बिचारीचं,’ म्हणत तिने झबलं घडी घालून ठेवलं. काकू रक्तदाबाच्या एका गोळीच्या दोन करून पुरवून पुरवून खातायत, दोन बसची दगदग टाळायला, हे तिला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

त्या बुधवारी दुपारी मशीन गप्प होतं. बाळ कधी नव्हे ते गाढ झोपलं. ‘बरं झालं बाई, काकूंनी आज सुट्टी घेतली,’ असं मनात म्हणत ती त्याच्याशेजारी कलंडली. एवढ्यात फोन थरथरला. बाळ जागं होईल या धास्तीने तिने घाईघाईने ‘ठीक’ दाबलं आणि फोन उशीखाली सारला.

संध्याकाळी झबल्याचा बंद तुटला म्हणून ती बाळाला घेऊन शेजारी गेली. काकू मशीनच्या पायाशी पडलेल्या. उजवा हात अंगाखाली. डोळे उघडे, दाराकडे लागलेले.

इस्पितळात डॉक्टर धावून आल्या, यंत्रं लागली, कशात काही कमी पडलं नाही. “दुपारीच आणायला हवं होतं,” एवढंच त्या डॉक्टर हळूच म्हणाल्या.

काकू वाचल्या. उजवा हात गेला, जीभ जड झाली.

पुढच्या सभेत इस्पितळाच्या साहेबांनी पडद्यावर तक्ते दाखवले. ज्येष्ठांची प्रकृती सुधारते आहे, साप्ताहिक विचारपुशीत जवळजवळ सगळे ‘ठीक’. सूनबाई उठून उभी राहिली.

“त्यातलं एक ‘ठीक’ मी दाबलंय, साहेब. बाई जमिनीवर पडली होती तेव्हा.” “इस्पितळ राहू द्या. माझं बाळ तिथेच वाचलंय. पण बुधवारपुरती तरी इथल्या दवाखान्याची एक खोली उघडा.”

साहेब माणूस वाईट नव्हता. मायेनेच म्हणाला, “ताई, वाईट झालं खरं. पण एकट्यादुकट्याच्या उदाहरणावर धोरण ठरत नाही.”

शब्द तिचेच होते. ती खाली बसली.

खोली अजून उघडलेली नाही. बुधवारी ती बाळाला कडेवर घेऊन काकूंकडे जाते. काकू डाव्या हाताने बाळाच्या अंगावरच्या झबल्याची ती वाकडी शिवण चाचपतात आणि काहीबाही सांगू लागतात. तोंडात टाचण्या धरून बोलावं तसंच. फक्त आता काढायला टाचण्या नाहीत.

तुमच्याही भिंतीपलीकडे कुणी असेल, ज्याचा रोजचा आवाज आज कानावर आला नसेल. सूनबाईचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. फोन नका करू. उठा, जाऊन दार वाजवा. आणि आतून “ठीक आहे” असं उत्तर आलं, तरी घटकाभर आत जाऊन बसा.