बाकावरचा नवरा

“पोरी, तुझा फोन बिघडलाय की संसार?”

चर्चचं कामकाज बघणाऱ्या डीकन मॉस्बींचा हा प्रश्न तिथल्या तळघरात या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू गेला. कोबीची भाजी वाढणाऱ्या बायकांचे डावसुद्धा थांबले.

जनेल प्रुइट नऊ महिन्यांच्या ज्यूनला मक्याच्या पावाचा मऊ भाग भरवत होती. तिचा हात हवेतच राहिला. काय झालं ते तिला लगेच कळलं. जे करायला नको होतं ते आपण केलंय, हेही त्याच क्षणी कळलं.

“इथं काय लिहिलंय वाचू?” डीकननी हातातला फोन डोळ्यांजवळ आणत चष्मा कपाळावर सरकवला. “लव्हेल प्रुइट. बाकावर! चार वर्षांत पहिल्यांदा.”

माउंट नेबो चर्चमध्ये अमेरिकन फुटबॉलचा मोसम लागला की पास्टर प्रवचन आवरतं घेत आणि पावणेअकराला सगळे तळघरातल्या टीव्हीपुढे जमत. या चर्चची स्वतःची फँटसी लीग होती. लुटुपुटीचे संघ, पण खेळाडू खरे. मोसमाच्या सुरुवातीला एकेकाने आपापले खेळाडू निवडून घ्यायचे. रविवारी ते खऱ्या मैदानात जेवढं धावतील तेवढे गुण आपले. कोणाला खेळवायचं आणि कोणाला बाकावर बसवायचं, हे दुपारी एकला सामना सुरू व्हायच्या आधी ठरवायचं. बक्षीस म्हणून वर्षभर पहिल्या रांगेत गाडी लावायचा मान. त्या मानासाठी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

आणि लव्हेल हा जनेलचा नवरा. टोलेडो ग्लेझर्सचा रनिंग बॅक. चेंडू छातीशी कवटाळून आडदांड माणसांच्या भिंतीत घुसायचं, हे त्याचं काम. पाच वर्षांपूर्वी गावातल्या प्रत्येक लीगमध्ये पहिलं नाव त्याचंच निघे. मग मांडीचा स्नायू गेला, मग घोटा, मग डावा गुडघा, आणि पुन्हा तोच गुडघा. आता त्याला शेवटी शेवटी कोणीतरी उचलत असे, पाहुण्यांनी ताटलीत ठेवलेलं शेवटचं बिस्कीट उचलावं तसं. जनेल मात्र त्याला तिसऱ्याच फेरीत घेऊन टाकायची. घरात शांतता हवी तर एवढं करावंच लागतं, असं ती हसून म्हणे. शिवाय त्याच्या जागी खेळणारा ओडमही तिने घेऊन ठेवला होता. मुख्य खेळाडूबरोबर त्याचा बदलीही आपल्याच पदरात ठेवायचा, याला इथले लोक ‘बेडी’ म्हणत.

आज तिने बेडी मैदानात उतरवली होती आणि नवऱ्याला बसवलं होतं.

“माझ्या भावाला पलंगावरून हाकल गं, मी काही म्हणणार नाही,” तिची नणंद ओडेसा ताटलीत कोंबडी वाढून घेत म्हणाली. “पण संघातून? आमच्या घराण्याची अब्रू आहे काही!”

लोक हसले. पण ओडेसाचे डोळे हसत नव्हते. तिने वाकून हळूच विचारलं, “काय झालंय त्याला?”

“काही नाही.”

“तुला काहीच माहीत नाही म्हणतेस? अगं, त्याच्या मोज्यांचा रंग बदलला तरी तुला कळतं.”

खरं तर तेच झालं होतं. लग्न झाल्यापासून जनेलची नजर कायम त्याच्या पायांवर असे. शुक्रवारी क्लबने जाहीर केलेल्या यादीत त्याच्या नावापुढे ‘खेळेल की नाही, सांगता येत नाही’ असं लिहिलं होतं. ते तर निम्म्या संघापुढे लिहिलेलं असतं, त्याने कोणाची झोप उडत नाही. पण काल दुपारी, सामन्याच्या आदल्या रात्रीच्या मुक्कामाला क्लबच्या हॉटेलवर निघायच्या आधी, लव्हेल ज्यूनला मांडीवर घेऊन जिन्याच्या एकेका पायरीवर बसत बसत खाली आला. “धप्प! धप्प!” पोरगी खिदळत होती. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाप लेकीशी खेळतोय. जनेलला दिसलं ते एवढंच, की त्याचा डावा पाय सबंध जिनाभर सरळच होता.

ती काही बोलली नाही. तोही बोलला नाही. आणि आज प्रवचन चालू असताना, एका हाताने ज्यूनला थोपटत, दुसऱ्या हाताने तिने सवयीने संघ नीट लावला. दिसलं ते जुळवायचं आणि आकडा मांडायचा, कॉलेजात चार वर्षं हेच तर शिकली होती ती. आपण काय केलं हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

तिने घाईघाईने फोन काढला आणि लव्हेलला परत खेळणाऱ्यांत घातलं.

“हां! आता परत घेतला!” डीकननी टेबलावर थाप मारली. “म्हणजे नक्कीच! त्या पोराचा गुडघा गेलाय. अरे, मी त्याला न्हाव्याकडच्या लीगमध्ये खेळवतोय!”

मग तळघरात वीसेक अंगठे भराभर फोनवर चालायला लागले. प्रत्येकाच्या आणखी दोन-तीन लीग होत्या. कारखान्यातली, शाळेतली, मेव्हण्याची. लव्हेल प्रुइटला बायकोनेच बसवलं, ही बातमी टोलेडोभर पसरायला पंचवीस मिनिटंही लागली नाहीत.

अकरा वाजून बारा मिनिटांनी लव्हेलचाच फोन आला. जनेल ज्यूनला ओडेसाच्या मांडीवर टाकून भांड्यांच्या खोलीत गेली.

“मॅडम,” तो म्हणाला, “मला बाकावर बसवल्याचं कळलं. नोटीस तरी द्यायची.”

“लव्हेल, माझं चुकलं. मी मुद्दाम...”

“पट्ट्या बांधणारा म्हातारा विचारतोय, घरी भांडण झालं का. मी म्हटलं, नाही, ती फक्त हिशेबाला पक्की आहे.” तो हसला. मग हसणं थांबलं. “काय पाहिलंस तू?”

“जिना.”

पलीकडे कोणीतरी मोठ्याने गाणं म्हणत होतं. ते दूर गेलं. तो बहुतेक कोपऱ्यात सरकला असावा.

“ती हसत होती ना पण?”

“ती हसत होती. मी नाही.”

“जनेल, आज नाही खेळलो तर ते मला ठेवणार नाहीत. ओडम चांगला धावतो. मलाच आवडतो तो, काय करणार.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

खेळू नकोस, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. सात वर्षांपूर्वी ती ज्या माणसाच्या प्रेमात पडली तो याच कामाने घडलेला होता. ते काम त्याच्या हातून आपण काढून घ्यायचं नाही, हे तिने कधीच ठरवलं होतं. पण त्या पायांवर उद्या ज्यूनच्या मागे धावायचं होतं, हेही खरं होतं.

“गुडघा काय करतो आणि काय नाही, नेमकं सांग,” ती म्हणाली.

“सुजलाय. सरळ रेषेत जातो, भार घेतो. डावीकडे झटकन वळायला गेलो की दगा देतो.”

“मग हेच कोचला सांग. जसंच्या तसं. ‘मी ठीक आहे’ म्हणू नकोस आणि ‘मी संपलो’ही म्हणू नकोस.”



“आजवर कोचला खरं सांगितलेला रनिंग बॅक मी तरी पाहिला नाही,” तो म्हणाला.

“तू बघ. आरसा असेल तिथं.”

तो खो खो हसला. “फोन जमा करायची वेळ झाली. ऐक, मला बाकावरच ठेव. तुला जिंकायचंय की नाही?”

साडेअकराला क्लबची शेवटची यादी आली. लव्हेल प्रुइट खेळणाऱ्यांत होता. तळघरात गदारोळ झाला. डीकन मॉस्बींनी त्याला न्हाव्याच्या लीगमध्ये परत घेतलं, पुन्हा काढलं, पुन्हा घेतलं. जनेलने एकदाच बदल केला, त्याला बाकावर ठेवलं, आणि फोन पर्समध्ये टाकला.

सामना सुरू झाला. चेंडू घेऊन धावत होता ओडम. लव्हेल मध्येच एखादा डाव मैदानात येई, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या बाजूला उभा राही, अंगावर येणाऱ्याला छातीवर घेई आणि परत जाई. त्याच्याकडे चेंडू एकदाही आला नाही.

“शून्य!” डीकन कळवळले. “तीन तास झाले, शून्य! अरे, त्याला चेंडू द्या कोणीतरी!”

“तो अडवतोय, डीकन,” जनेल म्हणाली.

“अडवण्याचे गुण कुठं मिळतात, पोरी?”

“नाही मिळत.”

शेवटचं दीड मिनिट राहिलं तेव्हा ग्लेझर्स चार गुणांनी मागे होते. लव्हेल मैदानात आला. कोचने आतापर्यंत त्याला डावीकडे वळावं लागेल अशा जागी एकदाही उभं केलं नव्हतं, हे जनेलच्या कधीच लक्षात आलं होतं. म्हणजे लव्हेलने कोचला खरं सांगितलं होतं. तिने ज्यूनला घट्ट धरलं.

चेंडू मागे आला. उजवीकडून समोरच्या संघाचा एक अगडबंब गडी मोकळा सुटला आणि थेट क्वार्टरबॅकवर निघाला. लव्हेल वळला नाही. सरळ दोन पावलं पुढे गेला, खाली वाकला आणि त्याला उचलल्यासारखं अडवलं. दोघंही आडवे झाले. तेवढ्या उसंतीत चेंडू हवेत उडाला.

कॅमेरा चेंडूमागे गेला. तळघरातल्या सगळ्या माना चेंडूमागे गेल्या. शेवटच्या रेषेपलीकडे, लांब कोपऱ्यात कोणीतरी तो झेलला, जिंकायला पुरतील असे सहा गुण झाले आणि खुर्च्या कोलमडल्या. ओडेसा किंचाळली, डीकननी पास्टरना मिठी मारली.

जनेल पडद्याच्या डाव्या कडेला, चित्र संपतं तिथं बघत राहिली. क्षणभर पुन्हा सबंध मैदान दिसलं. मागे, सगळ्यांपासून दूर, लव्हेल आधी एका पायावर आणि मग दोन्ही पायांवर उभा राहिला. त्याने खाली पडलेल्या त्या अगडबंब गड्याला हात दिला, उठवलं, त्याच्या पाठीवरचं गवत झटकलं. मग हेल्मेट काखेत धरून, धावायची काहीच घाई नसल्यासारखा, तो आपल्या माणसांकडे चालायला लागला.