तीन इंच आखूड

शपथेवर सांगते, पुढचा शब्दन् शब्द खरा आहे. आता शपथ घ्यायला हात लागतो आणि मला नुसते पायच आहेत, तेही अपुरे. पण तेवढ्यावरून कुणी अविश्वास दाखवू नये. मी आयुष्यात एकदाही खोटं बोललेली नाही. निदान या आठवड्यात तरी.

मी एक राखाडी पँट. घोट्याच्या वर तीन इंचांवर संपणारी. "आटली का हो?" हा प्रश्न तोंडात असेल तर आधी गिळा. मी आटलेली नाही. जन्मतःच एवढी आहे. हे सांगून सांगून माझ्या शिवणी उसवायच्या तेवढ्या राहिल्यात.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. खिडकीशी कापड कापायचं टेबल, मागे दोन मशिनं, भिंतीला उभा आरसा. मास्तर टेप लावून आकडे मोठ्यानं सांगत आणि त्यांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणते, ते वहीत उतरवून घेई. अठ्ठावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

एके दिवशी वाचनालयातल्या बाई माप द्यायला आल्या. इतक्या उंच, की त्यांना पाहून दाराची चौकट आदरानं वर सरकली. मी तेव्हा ताग्यात गुंडाळलेली होते, तिथून डोळ्यांनी पाहिलं.

"कंबर एकतीस," मास्तर म्हणाले. काकूंनी लिहिलं. "लांबी छत्तीस."

काकूंची पेन्सिल थांबली. बाईंच्या पायांना छत्तीस म्हणजे हत्तीला घोंगडी. टेपवर एकोणचाळीस होते, मास्तरांनी नवाचा सहा केला होता. त्या महिन्यातली ही चौथी वेळ. आधीच्या तिन्ही वेळा काकूंनी गुपचूप खरा आकडा लिहून वेळ मारून नेली होती. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनचं नाव काढलं की मास्तर म्हणत, "माझ्या बोटांना डोळे आहेत."

"छत्तीस?" काकूंनी विचारलं.

"छत्तीस! कान गेले का तुझे?"

"माझे कान ठणठणीत आहेत हो," म्हणत काकूंनी छत्तीस लिहिलं. मुद्दाम. पेन्सिल दाबून. गिऱ्हाईक चारचौघांत खडसावेल, मग तरी हा माणूस दवाखान्याची पायरी चढेल, असा त्यांचा बेत. माझा विचार कुणी केला? छे! नवराबायकोची झाली खडाजंगी आणि पाय तुटले माझे.

पँट न्यायच्या दिवशी बाई मला घालून आरशासमोर उभ्या राहिल्या. काकू हाताची घडी घालून स्फोटाची वाट बघत होत्या. बाईंनी खाली पाहिलं, एक पाय उचलला, दुसरा उचलला.

"अगंबाई! ही शिडीवर पायात येणार नाही! वरच्या फळीवरची पुस्तकं काढताना रोज जीव मुठीत धरते मी. मास्तर, हे तुम्हाला सुचलं कसं?"

मास्तर क्षणभर गोंधळले. मग छाती फुगवून म्हणाले, "अनुभव."

काकूंनी कपाळाला हात लावला.

तो उन्हाळा माझा होता, हे मीही नाकारत नाही. पांढरा सैल शर्ट आत खोचलेला, पायात साध्या पट्ट्यांच्या चपला, घोट्याला वारा. पण लोक! लोकांना बघून शहाणपण येतं कुठे? बेकरीवाल्यानं माझ्यासारखी शिवून घेतली आणि खाली गुडघ्यापर्यंत मोजे चढवले. अरे बाबा, जो घोटा मोकळा करायला माझा जन्म, तोच तू लोकरीत पुरलास? पोस्टातल्या साहेबांनी जुनीच लांब पँट दुमडून दुमडून वर घेतली. पोटरीला गाद्यांच्या वळकट्या बांधल्यासारखे हिंडत होते. बाईंची आत्या तर दर रविवारी सुईदोरा घेऊन माझ्या मागे लागायची. "पोरी, खाली पट्टी लावून देते. लोक काय म्हणतील?" आणि दुकानापुढे जी रांग लागली, तिचं शेपूट दुसऱ्या गावात होतं.

काकूंचा बेत असा उलटला. मास्तर तोंडाला येईल तो आकडा सांगत. काकू नजरेनं माप घेत, त्यातून तीन वजा करत आणि दातओठ खात लिहीत.

"आता सांग, कुणाला दिसत नाही?" मास्तर ऐटीत विचारत.

"या सगळ्या लोकांना!" काकू म्हणत.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलं. थंडी सरायच्या आत ऑपरेशन करा, नाहीतर डावा डोळा हातचा जाईल. काकूंनी विनवलं, अबोला धरला, माहेरी जायची धमकी दिली. मास्तर ढिम्म. "फॅशन काढणाऱ्या माणसाला तू डोळे शिकवतेस?"

थंडी पडली तशा बाई मला पिशवीत घालून घेऊन आल्या. "मास्तर, अगदी अशीच एक जाड लोकरीची हवी. वर गळाबंद स्वेटर, खाली घोट्यापर्यंतचे बूट. पण लांबी हीच हं, बोटभरही इकडेतिकडे नको. हिला नमुन्याला ठेवून घ्या."

मास्तरांनी टेबलावर लोकरीचं कापड पसरलं आणि वर मला. तेही राखाडी, मीही राखाडी. काकू मशिनीवर होत्या. कात्री चालू लागली, वळली आणि सरळ माझ्या डाव्या पायात शिरली.

एक थर कापताना कात्रीचा आवाज कोरडा येतो, दोन कापताना दबका. डोळ्यांनी दगा दिला तरी मास्तरांचे कान शिंप्याचेच होते. कात्री थांबली. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं. मशीनही थांबलं.

मास्तर स्टुलावर बसले. "मला दिसत नाही गं," ते म्हणाले. "वर्ष झालं. ऑपरेशन करायला गेलो आणि होते ते डोळेही गेले, तर मग मी कोण?"

"मला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या. "ते छत्तीस मी मुद्दाम लिहिलं. वहीत बघा."

"दिसलं असतं तर बघितलं नसतं का!"

आणि दोघं हसत सुटली. इकडे माझा पाय लोंबतोय, त्याची कुणाला फिकीर!

पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर मास्तरांनी आधी मला मांडीवर घेतलं आणि जखम शिवली. मग मला उजेडात धरून ते ओरडलेच, "अरेरे, किती आखूड ही! बाई, पट्टी जोडून देतो." बाई म्हणाल्या, "खबरदार!"

आज माझ्या डाव्या पायावर एक आडवी शिवण आहे. उन्हाळ्यात चपलांवर माझी पाळी, थंडीत बुटांवर लोकरीच्या बहिणीची. दोघी एकाच खणात असतो. ती टोचते, पण असो. विनंती एकच आहे. कुणा मास्तरचं माप चुकलं तर पँटला हसू नका, त्याच्या डोळ्यांकडे बघा.

आता शपथेचं. चौकट वर सरकली नव्हती, बाई वाकल्या होत्या. रांग चौघांची होती, त्यातला एक पत्ता विचारायला आलेला. एवढं तिखटमीठ सगळेच लावतात. पण माझा पाय कापला गेल्यावर टेबलापाशी दोघांचं जे बोलणं सांगितलं, ते मी रचलं. छत्तीसची भानगड मास्तरांना अजून कळलेली नाही. तुम्हीही बोलू नका.

त्या दुपारी खरं घडलं ते एवढंच. मास्तरांनी कात्री उलटी केली, पाती स्वतःच्या मुठीत घेतली आणि दांडा काकूंपुढे धरला. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी ती दुसऱ्या कुणाला हाताळू दिली नव्हती. काकूंनी ती घेतली. उरलेलं कापड त्यांनी कापलं, आणि मास्तर शेजारी उभे राहून दोन्ही हातांनी ते ताणून धरत राहिले.