नाव तर बदललंय

"अक्का, आत जावा की. दारातच काय हुब्या ऱ्हायल्या?" सुकेशनीचा आवाज कानाशी आला.

म्हाळसाबाई दारात उभी होती खरी, पण ते दार खरं नव्हतं. शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, डोळ्यांवर डबड्याएवढा काळा चष्मा होता आणि चष्म्याच्या आत एक अख्खं गाव वसवलेलं होतं. जिल्हाभरच्या गटप्रवर्तक बाया त्या ऑनलाइन गावात निळ्या साडीतल्या बाहुल्या होऊन हिंडत होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर तिचं नाव तरंगत होतं. सुकेशनी बसली होती तिकडं लासूर स्टेशनच्या दवाखान्यात, पण चष्म्यात मात्र अगदी हाताच्या अंतरावर. आशाताईंना बरोबर घेऊन घरोघरच्या बायांची काळजी वाहायची, हे या सगळ्यांचं काम. अवघड घरात शिरायचं कसं, ते आज या गावात शिकवणार होते. चौदा वर्षं खऱ्या घरांतून चपला झिजवलेल्या बाईला हे आता चष्म्यातून शिकायचं होतं. असो, सरकारी पत्र आलं म्हणजे शिकावंच लागतं.

पण म्हाळसाबाई थबकली ती दुसऱ्याच कारणानं. दारापुढं बाभळीच्या काट्यांचं मेंढरांचं वाडगं होतं. शेजारी हिरवा रंग दिलेली संडासाची खोली, तिच्यात कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. ओट्यावर दोन लहान पोरी. हे सगळं तिनं पाहिलेलं होतं, आठवड्यातून दोनदा पाहत होती.

आतून एक म्हातारी बाहेर आली आणि हात नाचवत म्हणाली, "नातू होईस्तोवर चहा तोंडाला लावणार नाय मी! खंडोबाला बोललेय!"

इकडं हॉलमध्ये बाया खो खो हसल्या. म्हातारी आत वळली तशी तिची सून पुढं झाली, आणि हळूच बोलली, "बाई, लेकरू ऱ्हाऊ नये म्हणून मी तांबी बसवून घेतलीय. सासूला कळू देऊ नका. नवऱ्यालाबी नाय." लगेच तिच्या डोक्यावर तीन उत्तरं उमटली. योग्य ते निवडा.

म्हाळसाबाईनं एकही निवडलं नाही. सुकेशनीची बाहुली शेजारी उभीच होती.

"अक्का," सुकेशनी म्हणाली, "हे तर आमचं घर हाय."

"छे गं. मेंढरांची घरं समदी सारखीच दिसत्यात."

"अन् चहाबी समद्यांच्याच मायनं सोडलाय व्हय? ही माझी माय हाय, अक्का. मग ही सून कोण? आमची पारूवहिनी?"

म्हाळसाबाईला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही, वर्षभर तेच तर करत आली होती. पण ऐन वेळी तिनं तोंड फिरवलं, तशी तिची बाहुलीही फिरली. सुकेशनीची बाहुली नाहीशी झाली. तिथं अक्षरं आली, "सुकेशनी बाहेर पडल्या."

कुठं बाहेर पडली ते कळायला काही चष्मा लागत नव्हता. फोन लावायला पडली होती.

गेल्या साली पाऊस असा रुसला, की चितेगावच्या पुढं हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. त्यात चराईच्या माळावर कुणी प्लॉटिंगचे दगड रोवले. सुकेशनीचा भाऊ भारत मेंढरं घेऊन पार गोदाकाठाला गेला, तेव्हा त्याची बायको पारू एकदा वाटेत आडवी आली होती. "अक्का, मेंढरं जगनात, तिसरं लेकरू कशावर जगवू? कायतरी करा. पण घरात कळलं तर माझं काय खरं नाय." म्हाळसाबाईनं तिला रक्ताच्या तपासणीचं निमित्त करून दवाखान्यात नेलं, तांबी बसवून आणली, आणि त्या दिवसापासून ओठ शिवून घेतले. स्वतःचा नवरा त्रिंबक, त्यालासुद्धा सांगितलं नाही.

सांगितलं ते एकटीला. चारुताला.

चारुता शहरातली, शिकलेली, गोड बोलणारी. हे चष्म्यातलं गाव बनवण्यासाठी माहिती हवी म्हणून तीन आठवडे म्हाळसाबाईच्या घरी राहिली होती. भाकरी-ठेचा खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी "मावशी, अजून द्या" म्हणाली. एका संध्याकाळी ओट्यावर बसून तिनं विचारलं, "मावशी, तुम्हाला सगळ्यात अवघड गेलेलं घर कोणतं?" असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. वरून विचारणा यायची ती आकड्यांची. किती गरोदर, किती लसी, किती गोळ्या. या पोरीनं कामाबद्दल विचारलं, आणि म्हाळसाबाई पाघळली. खरं सांगायचं तर तिला मिरवावंसं वाटलं. अवघड गाठ आपण कशी सोडवली, ते एकदा तरी कुणी ऐकावं! ऐकून चारुता म्हणाली होती, "कुणाला नाही सांगणार, मावशी. शप्पथ."

म्हाळसाबाईनं चष्मा काढून टेबलावर आदळला आणि हॉलच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या चारुताचं मनगट धरून तिला बाहेर व्हरांड्यात आणलं.

"केसानं गळा कापलास गं माझा!"

"अहो मावशी, काय झालं?"

"पारूचं घर मांडलंस तू तिथं. पार संडासातल्या कडब्यासकट!"

चारुताच्या चेहऱ्यावर आधी नवल उमटलं, मग हसू. "पण नाव तर बदललंय ना मावशी! पारूचं सुमन केलंय मी. आणि शेवटी आभारात तुमचं नाव आहे, मोठ्या अक्षरांत."

"म्हंजे चुगली कुणी केली, तेबी लिहून ठेवलंस म्हण की! अगं बाई, गावात नावानं कोण वळखतंय? चहा सोडलेली म्हातारी म्हणलं की शेंबडं पोरगंबी घर दावतंय."

हसू विरलं. "आपण चहाचं वाक्य काढून टाकू. पुढच्या महिन्यात बदल करणारच आहोत," चारुता घाईघाईनं म्हणाली, आणि मग जरा थांबून, "मावशी, सगळ्या बायांना हीच केस सर्वांत आवडली हो. इतकी खरी आहे."

म्हाळसाबाईनं तिचं मनगट सोडलं. हिला मारून तरी काय उपयोग! पोरगी वाईट नव्हती, तेच तर वाईट होतं. आणि शपथ मोडली म्हणून हिला बोलायचं, तर आपण कुठं पाळली होती?

पैठण रोडला शेअर रिक्षा मिळेपर्यंत दोन वाजले, पारूच्या वाडीवर पोचायला चार. तोवर फोननं आपलं काम केलेलं होतं. भारत बाजेवर खाली मान घालून बसला होता. "मला इचारायचं तरी, अक्का," एवढंच तो म्हणाला.

त्याची माय मुक्ताबाई ओरडलीसुद्धा नाही. "तुझ्या हातानं नेलीस ना म्हाळसे? आता तुझ्याच हातानं काढून आण. उद्याच. नायतर ही दोन पोरी घेऊन माहेरी जाईल, ती परत यायची नाय."

"मुक्ताबाई, बाईच्या जिवाची गोष्ट हाय. तिच्या मर्जीबिगर कुणाला काढता येत नाय."

"मर्जी तिचीच हाय. इचार तिला."

पारू चुलीपुढं होती. तिनं वर पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर पारूची धाकटी म्हाळसाबाईच्या मांडीवर होती. मुक्ताबाई बाहेर रिक्षातच बसून राहिली होती, म्हणून दोघींना घटकाभर एकांत मिळाला.

"पारू, ऐक," म्हाळसाबाई कुजबुजली, "आत सिस्टर इचारतील, तुझी मर्जी हाय का. नाय म्हण. पुढचं मी बघते. मी हाय ना!"

"तुमी हायेत म्हणूनच तर तुमाला सांगितलं होतं," पारू म्हणाली.

आवाजात राग असता तर म्हाळसाबाईनं तो पदरात घेतला असता. राग नव्हता. दारावर आलेल्या परक्या माणसाशी बोलावं, तशी ती बोलली.

"पारू, चुकलं गं माझं. लई चुकलं."

"माहेरी हंडाभर पाण्यासाठी मारामाऱ्या हायेत, अक्का. तिथं तीन तोंडं घेऊन कुठं जाऊ? आता आत काय बोलू नका. एवढं तरी माझ्यासाठी करा."

सिस्टरनं नाव पुकारलं. दार अर्धं उघडं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. "कुणाची जबरदस्ती नाही ना गं? तुझ्या इच्छेनं काढतेयस?"

म्हाळसाबाई अर्धवट उठली. मांडीवरची पोर चुळबुळली.

"व्हय," पारूचा आवाज आला. "माझ्याच इच्छेनं. आमच्या अक्कांना इचारा, त्याच घेऊन आल्यात."

सिस्टरनं दारातून डोकावून पाहिलं. चौदा वर्षांच्या ओळखीची बाई. म्हाळसाबाईनं मान हलवली. हो म्हणून हलवली.

पारू बाहेर आली तेव्हा पोर झोपी गेली होती, म्हाळसाबाईचं बोट मुठीत घट्ट धरून. पारू वाकली. तिनं पोरीची इवली बोटं एकेक करून हळूच उलगडली, पोरीला खांद्यावर घेतलं आणि रिक्षात सासूशेजारी जाऊन बसली. मागच्या सीटवर आणखी एकीला जागा होती. रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "कोणी यायचंय का अजून?"

"नाय," पारू म्हणाली. "चला."