मागच्याची खूण

"डावा अंगठा, साहेब, डावा! उजवा गॅसवर असतो. तो उचललात की तुमची गाडी जागीच थांबते, आणि मागचा येऊन तुमच्या मांडीवर बसतो."

सगळे हसले. वाटाड्या हसला नाही. हे वाक्य तो दिवसातून तीनदा बोलायचा आणि लोक बरोबर त्याच जागी हसायचे.

आवारात जाड टायरांच्या, चार चाकांच्या सात क्वाड गाड्या ओळीने उभ्या होत्या. पुसल्या तरी मडगार्डच्या आत लाल चिखल तसाच वाळलेला. या फेरीला पाच गिऱ्हाइकं होती. एक नवं जोडपं, एकाच ऑफिसातले दोघे (एक लठ्ठ, एक त्याला हसणारा) आणि एक एकटी बाई. पलीकडे तिकिटाच्या खिडकीत वहिनी हेल्मेटं आतून फडक्याने पुसून एकेक हातात देत होती.

"आता नीट ऐका," वाटाड्या म्हणाला. "रान दाट आहे. मला माझ्यामागची एकच गाडी दिसते, तिला तिच्यामागची एक. सगळ्यांत मागे आमचे मिस्त्री. थांबलो की मिस्त्री डावा अंगठा वर करणार, म्हणजे मागे सगळं ठीक. तो बघून त्यांच्या पुढच्याने करायचा, मग त्याच्या पुढच्याने, असं करत खूण माझ्यापर्यंत येते. मागच्याचा बघितल्याशिवाय आपला वर करायचा नाही."

"आणि कुणी न बघताच केला तर?"

एकट्या बाईने विचारलं. वाटाड्याने वळून पाहिलं. केस आता आखूड होते, कानाजवळ पांढरे झालेले. पण हातमोजा चढवताना ती प्रत्येक बोट वेगळं ओढून बसवत होती, आणि ती सवय त्याने एकदा पाहिली होती. सहा वर्षांपूर्वी. रांगेत तिसरी.

"तर..." तो म्हणाला.

"तर आमचे वाटाडे आहेत ना," खिडकीतून वहिनी म्हणाली. "शंभरदा मागे बघतात. घरातसुद्धा जेवताना मागे बघतात. भाऊजी, निघा आता, ढग भरून यायच्या आत."

दोन चुलत्यांच्या भानगडी सोडल्या तर वाटाड्याच्या घरात भांडण म्हणून कधी नव्हतं. दादा आणि वाटाड्या, दोघे भाऊ याच रानात गाड्या चालवून मोठे झाले. धाकटा पुढे, थोरला मागे. पुढे राहायला वाट माहीत लागते, पण मागे राहायला माणसाचा जीव मोठा लागतो, असं गाड्यांचे मालक म्हणायचे. दादाचा तसा होता. कुणाची गाडी रुतली की हा चिखलात उतरणार, कुणी रडवेलं झालं की मागून मोठमोठ्याने गाणी म्हणणार. सूर नावाला नाही. "एवढं भसाडं गातोय माणूस, म्हणजे भ्यायचं काही कारण नसेल," असं म्हणत भ्यायलेली माणसं पुढे निघायची.

सहा वर्षांपूर्वी ओढा ओलांडताना दादाची गाडी दगडावरून घसरून उलटली आणि तिच्याखाली सापडून तो गेला. पुढचे सगळे निघून गेले होते. चौकशीत मालकांनी विचारलं, "ओढ्यापलीकडे खूण आली होती?" वाटाड्या म्हणाला, "आली होती." म्हणजे मधल्या कुणीतरी न बघता अंगठा वर केला होता. त्या दिवशीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना विचारलं. एकेकजण शपथेवर म्हणाला, मी नाही केला. एक बाई तेवढी म्हणाली, "मला आठवत नाही."

जी खरं बोलली तिच्यावरच दोष बसला. कागदावर तसं लिहिलं गेलं, फाइल बंद झाली. मालकांनी वहिनीला खिडकीत बसवलं. ती त्या बाईला कधीच दोष देत नसे. फक्त कधीतरी हेल्मेट पुसता पुसता म्हणायची, "एक बोट हो, भाऊजी. एका बोटाची ती गोष्ट." आणि वाटाड्या चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहायचा.

गाड्या निघाल्या. आवार संपलं, वाट खाली उतरली आणि रानाने दार लावून घेतलं. वर पानांचं छत, त्यातून गळणारा हिरवट उजेड. रानकेळींची फाटकी पानं हेल्मेटवर आपटत होती. वेलींनी झाडांना असं काही आवळलं होतं, की कुणी कुणाला धरून ठेवलंय, ते कळू नये. पहिल्या फाट्यावर वाटाड्या थांबला, वळला. मागच्या नवरदेवाचा अंगठा वर आला. तरी त्याने हाताने सगळ्यांची इंजिनं बंद करायला लावली, पायी मागे जाऊन सहाही गाड्या मोजल्या आणि परत आला.

"अहो, एवढं मोजता काय?" लठ्ठ गिऱ्हाईक ओरडलं. "आम्ही काय मेंढ्या आहोत?"

"तू तर दोन धर," त्याचा मित्र म्हणाला.

पुन्हा गाड्या सुरू झाल्या. त्याच्यामागे सहा इंजिनं. आणि ओढा जवळ येऊ लागला तसं नेहमीप्रमाणे सातवं.

दादाच्या गाडीचा सायलेन्सर फुटका होता. ती खोकत चालायची, जुना माणूस जिना चढताना खोकतो तशी. ती गाडी भंगारात जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी ओढ्याच्या अलीकडच्या वळणावर तो खोकला वाटाड्याला ऐकू यायचा. मिस्त्रींच्याही मागून, थोडा लांबून, यायचा आणि पाण्याशी येऊन थांबायचा. केलेलं कर्म माणसाच्या मागे मागे येतं, हे त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. ते फुटक्या सायलेन्सरने येतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

ओढा ओलांडून तो थांबला. एकेक गाडी पाणी उडवत पलीकडे आली. मिस्त्री सगळ्यांत शेवटी. मिस्त्रींनी अंगठा वर केला, खूण पुढे आली. इंजिनं बंद झाली. पाणी दगडांतून बोलत होतं.

रांगेत मिस्त्रींच्या पुढे ती बाई होती. ती हेल्मेटची काच वर करून पाण्याच्या पलीकडे, आलेल्या वाटेकडे बघत होती.

"मागे अजून कुणी आहे का हो?" तिने मिस्त्रींना विचारलं.

"नाही ताई. मागे मीच. शेपूट."

"इंजिन ऐकू आलं मला. आत्ता बंद झालं."

"रानात आवाज फिरतो," मिस्त्री म्हणाले. "आपलाच असतो."

सहा वर्षांत वाटाड्याशिवाय दुसऱ्या कुणाला तो आवाज आला नव्हता.

धबधब्यापाशी मोठा थांबा असे. जोडपं फोटोंत गुंतलं. लठ्ठ गिऱ्हाइकाच्या पोटरीला जळू चिकटली होती आणि तो मीठ मागत नाचत होता, मिस्त्री पुडी सोडत म्हणाले, "नाचू नका, तिला वाटतंय वरात आहे." सगळे तिकडे हसत असताना बाई वाटाड्याजवळ येऊन उभी राहिली.

"ओळखलंत मला."

"हो."

"मी औषधाच्या दुकानात काम करते. तेव्हाही करायचे. तेव्हा मी भराभर गोळ्या काढून द्यायचे, मालक कौतुक करायचे. आता एकेक बाटली तीनदा वाचते. गिऱ्हाइकं शिव्या देतात. माझा माझ्या हातावर विश्वास नाही राहिला." तिने डावा हात समोर धरला, जणू दुसऱ्या कुणाचा असावा. "हा वर केला की नाही, ते मला खरंच आठवत नाही हो. कितीदा झोपेतून उठून आठवून बघितलंय. कधी वाटतं केला, कधी वाटतं नाही. तुम्ही पुढे होतात. तुम्ही बघितलं असेल. मला एकदा सांगा, मी केला होता का? केला असेल तर केला म्हणा. मी रडणार नाही, भांडणार नाही. मला फक्त कळू दे."

धबधब्याचे तुषार दोघांच्या तोंडावर येत होते. 'आठवत नाही' असं तोही म्हणू शकला असता. तिचेच शब्द तिला परत द्यायचे, की सुटला. देव माणसाला पळायला दार ठेवतो आणि मग दारात स्वतःच उभा राहतो.

"मी बघितलंच नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी मागे वळलोच नाही. सकाळी गिऱ्हाइकांसमोर दादा मला म्हणाला होता, 'किती वळून बघतोस रे, मी मागे असताना? मान मोडेल एखाद्या दिवशी.' सगळे हसले. मला राग आला. एवढासा. म्हटलं, आज नाही बघत जा. ओढा ओलांडला, थांबलो, आणि पुढे तोंड करून मनात दहा आकडे मोजले. आणि निघालो. तुम्ही सगळे माझ्यामागून आलात, कारण मी निघालो."

"तुम्ही अंगठा केला असेल, नसेल. कुणी केला असता, नसता. बघायला कुणी नव्हतंच. आणि मालकांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, आली होती. दोन शब्द. मागे घ्यायचे म्हटले तर रोज थोडे जड होत गेले."

"सहा वर्षं," बाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी लग्न मोडलं माझं. माणसाची जबाबदारी घ्यायची भीती वाटायची. आणि तुम्ही रोज इथे उभे राहून लोकांना शिकवताय, मागच्याचा बघा."

"हो."

"तुमच्या दादांच्या घरी कोण असतं?"

"खिडकीत हेल्मेट देतात ना, त्या. माझी वहिनी."

बाईने डोळे मिटले. "त्यांना मी कोण ते माहीत आहे?"

"रांगेत तिसरी एक बाई होती, एवढंच."

"मग मी काही सांगणार नाही त्यांना," ती म्हणाली. "ते माझं काम नाही. पण हेल्मेट परत देताना मी त्यांच्या डोळ्यांत बघणार आहे. तोपर्यंत त्यांना कळलेलं असायला हवं. कसं, ते तुमचं तुम्ही बघा."

परतीच्या वाटेवर सातवं इंजिन आलं की नाही, वाटाड्याला कळलं नाही. त्याच्या स्वतःच्या छातीत एवढा आवाज होता.

आवारात पुढच्या फेरीचे लोक येऊन बसले होते. वाटाड्याने गाडी उभी केली, हेल्मेट काढलं आणि सरळ खिडकीपाशी गेला. बाई दहा पावलं मागे थांबली.

"भाऊजी, तोंड का असं झालंय? जळू चावली का?" वहिनी म्हणाली.

"वहिनी, त्या दिवशी खूण आली नव्हती."

तिचं फडकं थांबलं.

"मी बघितलं नाही. रुसलो होतो दादावर. सगळ्यांना खोटं सांगितलं. तुम्हालाही. त्या बाईचा दोष नव्हता." त्याने मागे हात केला. "ती बाई म्हणजे ह्याच."

वहिनीने बाईकडे पाहिलं. बाईने पाहिलं. मग वहिनीने हातातलं हेल्मेट अगदी सावकाश खाली ठेवलं, अंड्यांची टोपली ठेवावी तसं.

ती ओरडेल, असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. निदान घरातून जा म्हणाली असती. तिने विचारलं,

"तुम्ही परत जाईपर्यंत किती वेळ गेला?"

हे सहा वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं.

"बावीस मिनिटं," तो म्हणाला. "धबधब्यावर फोटो चालले होते. मग लक्षात आलं की दादा नाही आला. परत पोचलो तेव्हा त्याच्या हातात अजून ऊब होती."

"बावीस."

तिने खिडकीतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग दार उघडून बाहेर आली. आवाराच्या कडेला एक जुना टायर आडवा पडला होता. ती त्याच्यावर बसली, हात मांडीवर ठेवून, रानाकडे तोंड करून.

कुणी हललं नाही. पुढच्या फेरीतला एक माणूस पुढे येऊन म्हणाला, "ओ बाई, तिकिटं?" मिस्त्रींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागे नेलं. नवं जोडपं निघून गेलं. लठ्ठ गिऱ्हाईक काहीतरी विचारायला आलं, आणि चेहरे बघून तसंच वळलं. गाड्यांची इंजिनं गार होताना टकटक वाजत होती, ती वाजायची थांबली. एक कुत्रं येऊन वहिनीचे पाय हुंगून गेलं. वाटाड्या उभाच होता. त्याचे पाय दुखायला लागले, मग बधिर झाले. मध्येच त्याला वाटलं, एवढ्यात बावीस झाली असतील. त्याने घड्याळ पाहिलं. नऊच मिनिटं झाली होती.

वहिनी रानाकडे बघत होती. एकदाच तिचा हात छातीपाशी गेला आणि तिथे काहीतरी जड असावं तसा दाबून राहिला. मग पुन्हा मांडीवर आला.

औषधाच्या दुकानातली बाईही गेली नाही. हेल्मेट पोटाशी धरून ती शेवटपर्यंत उभी राहिली.

बाविसावं मिनिट संपलं. ते वहिनीला घड्याळ न बघता कसं कळलं, कुणास ठाऊक. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"फार वेळ असतो हो, भाऊजी," ती म्हणाली.

आणि बाईच्या हातातलं हेल्मेट घेऊन ती आत गेली.