बेटावरच्या राजाचं पान

त्र्याण्णव साली केदारखेड्याच्या बुद्धविहारात साक्षरता वर्गाची परीक्षा चालू होती. बेबीनंदाबाईंनी वर्षभर, घरचा स्वयंपाक उरकून, म्हाताऱ्या माणसांना शिकवलं होतं. आता पासष्टीचा पुंजाराम तेवढा राहिला होता. तो अडला तर सगळा वर्ग अपुरा ठरणार, असं तपासणीला आलेल्या साहेबांनी आधीच सांगितलं होतं. पुंजारामला स्वतःच्या नापास होण्याचं काही वाटत नव्हतं. पण या पोरीनं आपला राठ हात धरून पाटीवर ‘पु’ गिरवून घेतला, तिचं नाव आपल्यापायी खाली जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

साहेबांनी छापील पान पुढं केलं. “वाचा.”

“हवाई बेटांवर...”

“बेट उडतंय का काय रे, पुंजा?” दारात उभं राहून मजा बघणाऱ्या गावातल्या अप्पारावनं विचारलं.

“गप रे. आधी तिथं पोचू तर दे!”

पुढं राजाचं नाव होतं. असलं नाव पुंजारामनं जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं नजरेला ओळखीचं वाटलं ते धरलं आणि ठोकून दिलं, “माई, लिहू काही... नावाचा राजा होऊन गेला.”

विहारात हशा पिकला. “लिहू नको, वाच!” अप्पाराव ओरडला.

पुंजारामचे कान तापले. त्यानं बाईंकडं पाहिलं. बाईंना बोलायची मनाई होती. त्यांनी नुसती दोन बोटं दाबली, शेंग फोडल्यासारखी. मोठा शब्द शेंगेसारखा फोडायचा, असं त्या वर्गात सांगायच्या.

“मा... इ... ली... कू... का... ही. माइलीकूकाही!”

“बराबर,” साहेब म्हणाले.

मग गाडी रुळावर आली. “आधीचा राजा वाईट वागला, म्हणून सरदारांनी त्याला काढून माइलीकूकाहीला गादीवर बसवलं. त्यानं रानांच्या हद्दी आखून दिल्या. मोठ्यांनी रयतेला लुटायचं नाही, असा हुकूम काढला...”

“बस. पास.” साहेबांनी पान घ्यायला हात पुढं केला.

पुंजारामनं पान सोडलं नाही. “थांबा ना साहेब. हुकूम कोणीबी काढतंय. लोकांनी मानला का न्हाई, ते तर कळू द्या.”

अप्पाराव चपला काढून आत येऊन बसला. “वाच. मंग काय झालं?”

पुंजाराम अक्षर अक्षर फोडत गेला. डोंगरापासून दर्यापर्यंत रानं पिकली, रयत सुखात राहिली, असं शेवटी लिहिलेलं होतं. “मानला!” तो म्हणाला, आणि बाईंकडं वळून त्यानं हात जोडले. “बाई, तुमी नसत्या तर ह्या भल्या माणसाची अन् माझी गाठ पडली नसती.”

“पुंजाराम बाबा, हात खाली घ्या आधी.”

“आणखी कोणाचं पान हाय का?”

“हाय की. उद्या या.”

“परीक्षा झाली तरी?”

“झाली तरी,” बाई म्हणाल्या.