निळा दोरा

मिस्त्रींनी यंदाही मटणाची मांडीच आणली, आणि ओट्यावर ठेवताना अशी ठेवली की जणू घराला नवी तुळई आणली आहे. सुनेने कागद उलगडून पाहिला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मिस्त्री म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. दारं, खिडक्या, जिने, लोकांच्या लग्नाचे पलंग. आता हातात रंधा राहिला नव्हता, पण नजर तीच होती आणि तोरा तर दुप्पट झाला होता. नाताळच्या जेवणाचं मटण निवडायचा मान घरात त्यांचा. आणि निवडायचे कसं, तर लाकूड निवडतात तसं. आधी अंगठ्याने दाबायचं. अंगठा आत गेला की तुकडा बाद. चरबी दिसली की "ओल आहे" म्हणून बाद. रेषा सरळ हव्यात, गाठ कुठे नको. शेवटी बोटाच्या पेरांनी टकटक करून, कान देऊन ऐकायचं. अशा परीक्षेत पास होते ती फक्त एखाद्या म्हाताऱ्या मेंढ्याची मागची मांडी. तीच ते हौसेने घरी आणायचे. वर नळीच्या हाडाला आपल्या आखणीच्या निळ्या दोऱ्याची गाठ मारायचे, कारण "खाटकांचा भरवसा नाही, आत नेतात आणि बदलून देतात."

"बाबा, यंदा खांदा आणा म्हटलं होतं मी," सून म्हणाली.

"खांद्यात गाठी असतात."

"गाठी नसतात, चरबी असते. ती वितळते, मग मांस मऊ होतं."

"तू मला शिकवणार?" मिस्त्रींनी टोपी काढून खुंटीला अडकवली. "हीच मांडी तुझी सासू करायची. ओठांनी खावी अशी. तुझ्या हातात गेली की तिची फळी होते. दोष मांडीत नाही, हातात आहे. आणि आता ऐकून ठेव. उद्या जर पुन्हा फळी वाढलीस, तर पुढच्या वर्षीपासून नाताळचं जेवण ताईकडे. तू ओव्हनला हात लावायचा नाहीस."

ताई म्हणजे नणंद. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा टेबलाशी बसून दिव्यांची माळ सोडवत होता आणि त्याला त्या माळेत अचानक फारच गुंता सापडला होता.

"तू बोल ना काही," ती म्हणाली.

"जाऊ दे ना. बाबांचा स्वभाव तुला माहीत आहे."

स्वभाव! सहा नाताळ ती हा स्वभाव ताटात वाढून घेत होती. सहा वर्षं तिने ती मांडी भिजवून पाहिली, टोचून पाहिली, लोणी चोपडून पाहिली, मंद आचेवर, मोठ्या आचेवर, झाकून आणि उघडी. सहाही वर्षं ती तशीच निघाली, चावता चावता कानशिलं दुखवणारी. पहिल्या वर्षी नणंद म्हणाली, "आईच्या हातची चव काही औरच." दुसऱ्या वर्षी मिस्त्रींनी सुरी खाली ठेवून करवत मागवली, आणि सगळे हसले. नवराही हसला, ते ती विसरली नव्हती.

तिला राग नुसत्या टोमण्यांचा नव्हता. ती दिवसभर एका लॉन्ड्रीत उभी राहून हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची. तिथे तिने केलेलं काम कुणी पाहत नव्हतं, चादर अंथरली की संपलं. घरात मात्र ही एक गोष्ट तिने मनापासून शिकली होती. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं सासूबाईंच्या शेजारी उभं राहून, त्यांचा हात कसा फिरतो ते बघत शिकली होती. मीठ किती, लसूण किती, कांदे खाली कसे पसरायचे, सगळं तसंच करायची. तरीही फळी. आपल्या हातातच काहीतरी खोट आहे, असं तिलाही आता वाटायला लागलं होतं, आणि तसं वाटायचं म्हणून जास्तच संताप यायचा.

तिने मांडी पुन्हा कागदात गुंडाळली आणि पिशवीत कोंबली.

"कुठे निघालीस?" नवरा म्हणाला.

"मिरी संपलीय," तिने तोंडाला येईल ते ठोकून दिलं आणि दार आपटून निघाली.

रस्त्याने जाताना तिला स्वतःचंच हसू आलं, रागातलं. मिरी संपल्याची थाप तिला सासूबाईंमुळेच सुचली होती. एवढी टापटिपीची बाई, पण ऐन नाताळच्या आदल्या दिवशी दरवर्षी त्यांची मिरी संपायची. मोठी पिशवी घेऊन मिरी आणायला जायच्या. घरात त्याची थट्टा व्हायची. त्या गेल्यावर कपाट आवरताना मिरीच्या न उघडलेल्या आठ बाटल्या निघाल्या होत्या. सून अजून त्याच वापरत होती.

खाटकाच्या दुकानात गर्दी होती. ती रांग मोडून थेट पुढे गेली आणि तिने पिशवी काउंटरवर आदळली.

"लाज नाही वाटत तुम्हाला? म्हाताऱ्या माणसाला दरवर्षी हे गळ्यात मारता? याच्या काय चपला शिवायच्या?"

खाटकाने सुरा ओंडक्यावर ठेवला, खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले, पिशवीत पाहिलं. निळा दोरा दिसताच त्याचा चेहरा फुलला.

"आलात! अहो वहिनी, सहा वर्षं वाट बघतोय मी. मागच्या दाराने यायचं ना. सासूबाई मागच्या दाराने यायच्या."

"कोण यायच्या?"

"सासूबाई तुमच्या. मिस्त्री पुढच्या दाराने मांडी घेऊन गेले की तासाभरात त्या मागच्या दाराने हजर. पिशवी ठेवायच्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकच शब्द. 'बदल.' मी खांदा द्यायचो, निळा दोरा सोडून त्याच्या हाडाला बांधायचो. मग समोरून मिरीची बाटली घेऊन त्या घरी जायच्या. तीस-एक वर्षं चाललं हे. मला वाटलं तुम्हाला सांगून गेल्या असतील. मग तुम्ही कधी आला नाहीत, तेव्हा म्हटलं, असेल बुवा, यांना चिवट आवडत असेल."

मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"चिवट आवडत असेल?" सुनेचा आवाज चढला. "सहा वर्षं माझी शोभा झाली घरात आणि तुम्ही मूग गिळून बसलात? एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

"त्यांनी शपथ घातली होती हो. मिस्त्रींच्या कानावर जाता कामा नये म्हणून. नवऱ्याचा मान..."

"नवऱ्याचा मान! आणि माझा?"

खाटीक आत गेला आणि एक खांदा घेऊन आला. गुबगुबीत, चरबीची पांढरी झूल पांघरलेला. सवयीने त्याची बोटं निळ्या दोऱ्याच्या गाठीकडे गेली. पण सून त्याच्याकडे पाहत नव्हती. ती काउंटरला धरून उभी होती, कारण तो शब्द आता कुठे तिच्या आत पोचला होता.

बदल.

सासूबाईंना झटका आला तो नाताळच्या दोन महिने आधी. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. राहिले ते बोटांवर मोजण्याइतके शब्द. त्या वर्षी मिस्त्रींनी मांडी आणली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी मांडीकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि म्हणाल्या, "बदल." सुनेला वाटलं, चादर ओली झाली. तिने जाऊन चादर बदलली. सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "बदल." तिने गाऊन बदलला. "बदल, बदल," म्हणत त्यांनी डावा हात टेबलावर आपटला, डोळ्यांतून पाणी आलं. सुनेने दिवसभरात तीन वेळा चादर बदलली आणि तिसऱ्या वेळी दात ओठ खात म्हणाली होती, "लॉन्ड्रीत चादरी, घरी चादरी, माझा जन्म काय चादरींतच जायचाय का?" दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी पुन्हा तेच सुरू झालं, तेव्हा मिस्त्री ओरडले, "किती वेळा बदलायचं हिचं! आत न्या तिला." सासूबाईंना आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. पुढच्या नाताळलाही तसंच झालं. त्यानंतर त्या गेल्या.

स्वतःच घातलेली शपथ सासूबाईंनी मोडली होती. सुनेसाठी मोडली होती, आणि सून चादर घेऊन धावली होती.

"दोरा सोडू नका," ती खाटकाला म्हणाली.

"अहो, पण दोरा नसला तर मिस्त्री ओळखतील."

"ओळखू देत. दोरा मांडीवरच राहू दे, आणि मांडीही परत द्या. दोन्ही नेणार आहे मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिने ओव्हन लावला. स्वयंपाकघराचं दार आतून बंद केलं. खांद्याला मीठ आणि ठेचलेला लसूण चोळताना तिचे हात इतक्या जोरात चालत होते की भांडं ओट्यावर सरकत होतं. मिस्त्रींवर राग, नवऱ्यावर राग, खाटकावर राग, आणि सासूबाईंवरही. बाई, धडधाकट होतात तेव्हा तीन वर्षं मी शेजारी उभी होते, तेव्हा का नाही बोललात? तुम्हाला त्यांचा मान जपायचा होता, आणि तो माझ्या जिवावर जपला गेला. मग ती तीन वेळा बदललेली चादर आठवायची आणि राग स्वतःकडे वळायचा. तिने सासूबाईंची एक बाटली उघडली आणि मिरी सढळ हाताने घातली. खाली कांदे पसरले, चरबीची बाजू वर ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि आच मंद केली. पाच तास तिने झाकण उघडलं नाही. शेवटचा अर्धा तास उघडं ठेवून वरची कड खरपूस केली. चमचा लावला तर हाड आपसूक सुटून आलं.

एक वाजता सगळे टेबलाशी बसले. नणंद नव्या कपड्यांत आली होती आणि येतानाच म्हणाली होती, "करवत आणलीय ना बाबा?" सुनेने मोठं ताट मधोमध ठेवलं. मिस्त्रींनी सुरी लावली. सुरी लागण्याआधीच मांस बाजूला झालं. त्यांनी घास घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"आई गं," नणंद हळूच म्हणाली. "आईसारखंच झालंय."

सून उभी होती. आता तरी म्हणा, तिला वाटत होतं. एक शब्द म्हणा.

मिस्त्रींनी डोळे उघडले. ओले होते. "बघितलंत?" ते म्हणाले. "सगळं निवडीत असतं. यंदा मी मांडी अशी ठोकून घेतली होती की खाटीकसुद्धा बघत राहिला. माल चांगला असला की कुणाच्याही हातून बिघडत नाही."

कुणाच्याही! सुनेच्या कानांत गरम हवा भरली. नवऱ्याने तिच्याकडे पाहून हसून मान हलवली, म्हणजे झालं ना आता, खूश हो.

"दोरा कुठे आहे?" मिस्त्री ताटात शोधत म्हणाले. गाठ कापायचा मानही त्यांचाच होता.

"जळला असेल," नणंद म्हणाली.

"आणते," सून म्हणाली.

ती आत गेली, फ्रिज उघडला आणि कालची मांडी घेऊन आली. कच्ची, थंडगार, निळी गाठ जशीच्या तशी. ती तिने मिस्त्रींच्या ताटाशेजारी ठेवली. पांढऱ्या टेबलक्लॉथवर लाल पाणी पसरलं.

"ही तुमची निवड. ठोकून बघा. जे खाताय तो खांदा आहे, चरबीवाला, गाठींचा. मी आणला."

मिस्त्रींचा चेहरा लाल झाला. "माझी फसवणूक? तुझ्या सासूच्या हातची मांडी मी तीस वर्षं..."

"तीस वर्षं तुम्ही खांदाच खाल्लात, बाबा. सासूबाई मिरी आणायला जायच्या ना? मांडी परत करायला जायच्या. खाटकाला विचारा. तुमचा दोरा सोडून खांद्याला बांधून आणायच्या, तुमचा मान राहावा म्हणून."

"खोटं. तिने मला सांगितलं असतं."

"तुम्हाला नाही सांगितलं. पण मला सांगत होत्या. शेवटची दोन वर्षं, याच घरात, घसा फोडून." तिने मांडीवरच्या निळ्या गाठीवर बोट ठेवलं. "पिशवी ठेवून त्या खाटकाला एकच शब्द म्हणायच्या. 'बदल.'"

नणंदेने तोंडावर हात ठेवला. नवऱ्याने मान खाली घातली. मिस्त्रींना कळायला थोडा वेळ लागला. ते आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघायला लागले.

"चादर..." ते म्हणाले.

"मटण बदल म्हणत होत्या. मी चादरी बदलल्या आणि तुम्ही त्यांना आत कोंडलंत."

मग मिस्त्रींनी मांडी ओढून घेतली. सवयीने अंगठा दाबला. अंगठा आत गेला नाही. ते निळी गाठ सोडवायला लागले, गाठ भिजून घट्ट झाली होती म्हणून वेळ लागला. कुणी मदत केली नाही. अखेर दोरा सुटला, तो त्यांनी सुनेपुढे सरकवला.

"पुढच्या वर्षी तू जा," ते म्हणाले. "हा घेऊन जा."

सुनेने दोऱ्याकडे पाहिलं. हात लावला नाही.

"दोरा नको मला," ती म्हणाली. "मी निवडलेलं मला ओळखता येतं."

मग तिने खुर्ची ओढली आणि मटण गरम होतं तोवरच जेवायला बसली.