बुंध्याचे फुटवे

"तुझं वय झालं, मावशी. आता तू खुर्चीत बसून बघ," असं म्हणत भाच्याने रोपवाटिका हाती घेतली. शिडी लावून त्याने जुन्या सागाच्या शेंड्यावरच्या दोनशे काड्या कापल्या आणि वाळूत लावल्या. महिन्याभरात सगळ्या वाळून गेल्या.

"अरे शहाण्या, झाड शेंड्याला म्हातारं होतं, बुंध्याशी ते पोरच राहतं!" मावशीने बाह्या सरसावल्या आणि कोयत्याने बुंध्यावर चार घाव घातले. तिथे कोवळे फुटवे आले, तेव्हा तेच कापून तिने वाळूत लावले.

तीन आठवड्यांनी भाच्याने एक फुटवा हळूच उपसला. खाली पांढरीशुभ्र मुळं लोंबत होती.

मावशीने खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "दमलास रे बाबा. आता तू बसून बघ."